डोलकाठी: मोडते कधी आणि वाकते किती?

बीमचं प्रकरण आपण सगळ्यांनी इंजिनिअरिंगला पाठ केलेलं असतं. सूत्र लिहायचं, आकडे टाकायचे, मार्क घ्यायचे. पण ते सूत्र नक्की कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे मला पीएचडीला आल्यावर कळलं. तेही शिडाच्या होडीच्या डोलकाठीबद्दल वाचताना.

1638 साली लायडनला गॅलिलिओचं ‘दोन नवी विज्ञाने’ हे पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या चर्चेची सुरुवातच व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या कारखान्यापासून होते. पुढे एक प्रसिद्ध चित्र आहे: एक टोक भिंतीत रोवलेली तुळई, दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन. ती मोडेल कधी? गॅलिलिओने धरलं की तुळई खालच्या कडेवर फिरते आणि सगळा छेद सारखाच ताणला जातो. प्रत्यक्षात वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो, मधे एका थरावर दोन्ही नसतं. त्यामुळे आयताकृती तुळईची ताकद त्याच्या हिशेबात तिप्पट येते. गंमत बघा, उंची दुप्पट केली की ताकद चौपट, हे प्रमाण मात्र बरोबर! म्हणजे दोन तुळयांची नुसती तुलना केली तर चूक दिसतच नाही.

पोकळ बोरू आणि पक्ष्यांची हाडं हलकी असूनही मजबूत का, हेही त्याने तिथेच मांडलं. करून बघा: 1 सेंमी व्यासाची भरीव काठी आणि तेवढ्याच मालाची, बाहेरून 2 सेंमी, आतून 1.73 सेंमी व्यासाची नळी. वजन तेच, पण वाकायला विरोध 7 पट.

पण ‘मोडणं’ आणि ‘वाकणं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाकलेली पट्टी कोणता आकार घेते, हे 1694 मध्ये याकोब बर्नोलीने मांडलं आणि 1744 मध्ये ऑयलरने त्या वक्रांचं वर्गीकरण केलं. डोलकाठीला हा दुसरा प्रश्न जास्त लागू पडतो.

उदाहरण घ्या ‘फिन’ या एकट्याने चालवायच्या होडीचं. स्वीडनच्या रिकार्ड सार्बीने ती 1949 मध्ये आखली, 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ती होती. तिच्या डोलकाठीला आधाराचे दोर नाहीत. बुंधा होडीत रोवलेला, बाकी मोकळी. म्हणजे गॅलिलिओची तुळईच, फक्त उभी केलेली! वाऱ्याचा झोत आला की वरचा भाग वाकतो, शिडाचा फुगवटा कमी होतो, मागची कड वरून उघडते, जास्तीचा वारा निसटतो. इथे वाकणं हा दोष नाही, ते काठीचं कामच आहे. हलक्या खलाशाला फार ताठ काठी दिली तर होडी त्याला सावरत नाही. वजनदार खलाशाला मऊ काठी दिली तर वेग वाया जातो. म्हणून लाकडी काठ्यांच्या काळात खलाशी रंधा मारून काठी आपल्या वजनाला आणि शिडाला जुळवून घेत.

मग अ‍ॅल्युमिनियम आलं, आणि 1990 च्या दशकात कार्बन फायबर. अ‍ॅल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक साधारण 70 गिगापास्कल, तर नेहमीच्या कार्बन तंतूचा 230 च्या आसपास, घनता मात्र कमी. हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. तो फक्त तंतूच्या दिशेने आणि रेझिन न धरता आहे. खरी सोय अशी की कुठे, किती आणि कोणत्या दिशेने वाकायचं, हे थर लावतानाच ठरवता येतं: वाकण्याला विरोध करायला लांबीच्या दिशेचे तंतू, पीळ सोसायला तिरके. रंध्याचं काम आता थरांकडे आलं.

माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रयोगात कार्बनची नळी हिशेबापेक्षा मऊ येत होती. तीन आठवडे मी रेझिनला दोष दिला. शेवटी कळलं, क्लॅम्पच किंचित फिरत होता. भिंत पक्की आहे हे मी धरूनच चाललो होतो. तुम्ही कॅन्टिलिव्हर टेस्ट लावाल तेव्हा एक डायल गेज टोकाला लावाच, आणि दुसरा क्लॅम्पपाशी.