शिवराईला स्वतंत्र पाकीट का?

शिवराई हे शिवाजी महाराजांनी सुरू केलेले तांब्याचे नाणे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ ही अक्षरे हाच तिच्या ओळखीचा मुख्य पुरावा, आणि थैलीत नाण्यावर नाणे घासले की झीज होते ती या अक्षरांच्या उठावाचीच. म्हणून प्रत्येक नाण्याला वेगळे पाकीट हवे. मात्र मऊ पीव्हीसीचे नको. कालांतराने त्यातून आम्लधर्मी द्रव्य सुटते आणि तांब्यावर हिरवट, चिकट थर चढतो. पॉलिएस्टरचे पाकीट त्या मानाने निर्धोक. शतकानुशतके मातीत टिकलेल्या नाण्याला एवढे कशाला जपायचे, असा आक्षेप घेतला जातो. पण मातीत ते निश्चल पडून होते. संग्रहात ते वारंवार हाताळले जाते, आणि पुसले गेलेले अक्षर कोणत्याही उपायाने परत येत नाही. — संपादक