खोगिराची पारख : शिलेदारी पद्धतीच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :
मराठ्यांच्या लष्करी इतिहासात मोहिमा, लढाया आणि सरदार यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्या तुलनेने घोडा आणि स्वार यांच्यामध्ये असणाऱ्या खोगिराचा विचार फारसा झालेला नाही. वस्तुतः लांब पल्ल्याच्या दौडीवर भर देणाऱ्या घोडदळाचे सामर्थ्य घोड्याच्या पाठीवर अवलंबून असते. खोगीर सदोष असल्यास पाठ सोलवटते आणि पाठीला जखम झालेला घोडा कितीही उमदा असला तरी स्वारीस निरुपयोगी ठरतो. खोगीर विकत घेताना त्याची पारख कशी करावी आणि इतिहासात या पारखीची जबाबदारी कोणाकडे होती, या दोन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

शब्दांची साक्ष :
‘पलाण’ हा शब्द संस्कृत ‘पर्याण’ या शब्दापासून आला, तर खोगीर, जीन, तंग हे शब्द फारसीतून आणि रिकीब हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत रुळला. फारसी ‘खूगीर’ म्हणजे घाम टिपून घेणारी गादी. म्हणजेच या नावात स्वाराच्या सोयीपेक्षा घोड्याच्या पाठीचा विचार आधी आहे. जीन तयार करणाऱ्या कारागिरांस ‘जीनगर’ हे नाव मिळाले. निव्वळ जागा भरण्यासाठी घातलेल्या निकृष्ट मजकुरास वा माणसांस मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणतात. खोगिरातील भरण बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तेथे वाटेल ते खपून जाते, हा व्यवहारातील अनुभव या शब्दप्रयोगातून सूचित होतो.

शिलेदार आणि बारगीर :
मराठ्यांच्या घोडदळात बारगीर व शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. बारगिरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. सभासद बखरीतील वर्णनानुसार शिवाजी महाराजांच्या पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पागेतील घोड्याची निगा ही अशा रीतीने राज्याची जबाबदारी होती आणि घोडा निकामी झाल्यास नुकसानही राज्याचे होई. शिलेदाराची स्थिती निराळी होती. घोडा हेच त्याचे भांडवल असल्याने खोगिराच्या निवडीतील चूक थेट त्याच्या उपजीविकेवर आघात करणारी होती.

पारखीचे निकष :
घोड्याच्या शरीररचनेवरून खोगिराच्या पारखीचे निकष ठरतात. स्वाराचे वजन कण्यावर न पडता त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर समप्रमाणात विभागले गेले पाहिजे. त्यासाठी खोगिराच्या दोन गाद्यांमधून आरपार पोकळी असावी लागते. मानेच्या मुळाशी असलेला खांद्यांचा उंचवटा आणि खोगिराची पुढील कमान यांत मोकळी जागा राहते किंवा नाही, हे रिकाम्या खोगिरावर पाहणे पुरेसे नाही. वजनाने भरण दबत असल्याने स्वार बसल्यावर ते पुन्हा तपासावे लागते. मागील बाजूस खोगीर शेवटच्या बरगडीच्या पलीकडे, कमरेवर जाता कामा नये.

सांगाडा असलेल्या जिनाची पुढील व मागील टोके धरून दाबली असता सांगाडा कुरकुरल्यास अथवा एका बाजूस अधिक झुकल्यास तो तडकल्याचा संशय घ्यावा. खालच्या गादीवरून तळहात फिरवल्यास भरणातील गाठी व पोकळ जागा कळतात. कातडे दुमडून पाहिल्यास त्याचा कोरडेपणा उघड होतो. वाळलेल्या कातड्यावर बारीक भेगा दिसतात. तंग ज्या पट्ट्यांना अडकवला जातो त्या पट्ट्यांची व रिकिबीच्या वादीची शिवण विशेष काळजीपूर्वक पाहावी, कारण ती उसवली तर स्वाराच्या जिवावर बेतते. कलाकुसर आणि झूल यांचा विचार या सर्वांनंतर येतो.

पारखीचे स्थलांतर :
शिलेदारी पद्धत मराठी सत्तेबरोबर संपली नाही. इंग्रजांनी ती आपल्या हिंदी घोडदळात स्वीकारली. १८१७ च्या पुणे तहानंतर उभारलेले पूना हॉर्स हे याच परंपरेतील दल होय. या पद्धतीत स्वार घोडा व खोगिरासह बहुतेक सरंजाम आपल्या खर्चाने आणी, किंवा त्यासाठी ‘असामी’ची रक्कम भरी. पुढे रेजिमेंटच एकत्रित खरेदी करू लागल्या आणि पारख स्वाराच्या हातून सुटू लागली. दरम्यान १८६० च्या दशकात कानपूर येथे सरकारी खोगीर कारखाना आकारास आला. बाभळीच्या सालीने कातडे कमावण्याच्या धंद्याची त्यास जोड होती. पहिल्या महायुद्धात परदेशी आघाडीवर घोडे व सरंजाम यांची भरपाई करणे शिलेदारी पद्धतीस शक्य झाले नाही. युद्धानंतर ३९ रेजिमेंटांच्या २१ करण्यात आल्या आणि ही पद्धत बंद झाली. घोड्याच्या पाठीवर हात ठेवून केल्या जाणाऱ्या पारखीची जागा ठराविक नमुन्याबरहुकूम होणाऱ्या तपासणीने घेतली. नमुन्यामुळे मालात एकसारखेपणा आला. परंतु घोड्यांच्या पाठी एकसारख्या नसतात.

निष्कर्ष :
खोगिराची पारख ही कातड्याच्या गुणवत्तेपुरती मर्यादित नाही. ते ज्या पाठीवर चढवायचे त्या पाठीशी त्याची सांगड घालणे हे तिचे सार आहे. भारवाहू प्राण्यांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनीही खोगिराची कमान आणि खांद्यांचा उंचवटा यांत पुरेशी मोकळी जागा ठेवणे बंधनकारक केले आहे. शिलेदाराच्या बाबतीत या दक्षतेमागे स्वतःच्या नुकसानीची भीती होती. खरेदी करणारा आणि नुकसान सोसणारा निराळे झाले तेव्हा तीच दक्षता नियमाने घालून द्यावी लागली. माथेरानसारख्या ठिकाणी स्वतःच्या घोड्यावर उदरनिर्वाह करणारा घोडेवाला या अर्थाने शिलेदाराचाच वारस आहे. दोन्ही परिस्थितींत सदोष खोगिराची पहिली किंमत मात्र घोडाच मोजतो, हे विसरून चालणार नाही.