बेस गिटारची गुणवत्ता, मूल्य आणि निर्मितीस्थान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
विद्युत् बेस गिटारचे मूल्य ठरविताना 'हे वाद्य कोणत्या देशात तयार झाले ?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. अमेरिकन वाद्य श्रेष्ठ, जपानी मध्यम आणि इतर आशियाई दुय्यम, अशी उतरंड रूढ आहे. ही उतरंड इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात फेंडर कंपनीच्या आधारे केला आहे.

रचना आणि उत्पादनपद्धती :
लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे 'प्रिसिजन बेस' हे वाद्य बाजारात आणले. त्याचा दांडा सांध्यात सरसाने न चिकटविता चार स्क्रूंनी धडाला जोडलेला होता. त्यामुळे प्रत्येक भाग यंत्रावर स्वतंत्रपणे तयार करता येऊ लागला. जे वाद्य सुट्या भागांतून घडते, ते योग्य यंत्रे, वाळलेले लाकूड आणि काटेकोर तपासणी असल्यास अन्यत्रही घडू शकते. स्थलांतराचे बीज असे मूळ रचनेतच होते.

एकच देश, भिन्न दर्जा :
१९६५ मध्ये सी.बी.एस. कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे, विशेषतः १९७० च्या दशकात, घडणीतील सैलपणाविषयी वादकांच्या तक्रारी वाढल्या. शहर तेच आणि देशही तोच होता. बदलले होते ते व्यवस्थापन आणि उत्पादनाचे प्रमाण.

जपानचे उदाहरण :
१९८२ मध्ये 'फेंडर जपान'ची स्थापना झाली आणि मात्सुमोतो येथील फुजीगेन कारखान्यात जुन्या अमेरिकन नमुन्यांबरहुकूम वाद्ये बनू लागली. त्यांतील 'स्क्वायर' नावाची वाद्ये स्वस्त म्हणून विकली गेली; आज संग्राहक त्यांचा आवर्जून शोध घेतात. १९८५ मध्ये विल्यम शुल्ट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने फेंडर कंपनी विकत घेतली, तेव्हा फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता. कोरोना येथे नवे उत्पादन स्थिरावेपर्यंत कंपनीची भिस्त मुख्यतः जपानी कारागिरांवरच होती.

किंमत आणि चलन :
सप्टेंबर १९८५ मधील प्लाझा करारानंतर येन महागला. स्वस्त वाद्यांचे उत्पादन कोरियाकडे आणि नंतर चीन व इंडोनेशियाकडे वळले. १९८७ मध्ये मेक्सिकोतील एन्सेनाडा येथे फेंडरचा कारखाना सुरू झाला. या स्थलांतरामागे कारागिरांच्या कौशल्यापेक्षा वेतन आणि विनिमयदर ही कारणे प्रबळ होती.

निष्कर्ष :
स्वस्त वाद्यात लाकूड, पिकअप आणि अंतिम तपासणी यांवरील खर्च कमी असतो, हे नाकारता येत नाही. मात्र तो निर्णय कंपनीचा असतो. कारागिराच्या देशाचा नव्हे. 'मेड इन' हा शिक्का श्रमाचा दर सांगतो, श्रमाची प्रत नव्हे. म्हणून वाद्याची पारख करताना देशापेक्षा कारखाना, कालखंड आणि प्रत्यक्ष घडण हे निकष अधिक विश्वसनीय ठरतात.