जालन्याची पेठ आणि आपली आष्टी

'जालना सोने का पालना' ही उक्ती आपल्या वाडवडिलांच्या तोंडी असे. निजाम राजवटीत १९०० साली गोदावरी खोऱ्यातील रेल्वे सुरू झाली. जालना व परतूर मनमाडशी जोडले गेले आणि आष्टी परिसरातील कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. मात्र रूळ मीटरगेज! मनमाडला प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवावी लागे. त्या हमालीचा भार अखेर शेतकऱ्याच्या भावावरच पडे, हे विसरता येणार नाही. नव्वदीच्या दशकात रुंदीकरण झाले. तत्पूर्वी, १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' स्थापून जालन्याला बियाण्यांची पेठ बनविले होते, पोलादही आले. २०२२ साली समृद्धी महामार्ग जालन्यावरून खुला झाला. रेल्वेसाठी आष्टीकर मात्र आजही परतूरच गाठतात.