व्याधिनामे, लौकिक

व्याधिनामे, लौकिक : रोजच्या, किरकोळ आणि बहुधा आपोआप बऱ्या होणाऱ्या शारीरिक तक्रारींची बोलीत रूढ असलेली नावे. उदा., रांजणवाडी, नखुर्डे, चिखल्या, अवधाण, घोळणा फुटणे, डोळा लवणे. यांतील बहुतेक तक्रारींना पाश्चात्त्य वैद्यकात ग्रीक वा लॅटिन नाव आहे आणि अनेकींना आयुर्वेदात संस्कृत नाव आहे. प्रस्तुत नोंदीत रायगड जिल्ह्यातील गडब आणि भोवतालचा पेण–रोहा पट्टा नजरेसमोर ठेवला आहे. मात्र येथे दिलेली बहुसंख्य नावे महाराष्ट्रभर समजतात. पाय आणि त्वचा यांच्या तक्रारींना अधिक जागा दिली आहे.

प्रदेश व बोली : गडब हे पेण तालुक्यातील, मुंबई–गोवा महामार्गालगतचे गाव. आंबा नदी व धरमतर खाडी यांच्या आसपासचा सखल, भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेला प्रदेश ‘खारेपाट’ म्हणून ओळखला जातो. भातशेती, मासेमारी व मिठागरे हे येथील जुने व्यवसाय. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. परिसरातील आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि शब्दाच्या आत येणाऱ्या ‘ड’चा पुष्कळदा ‘र’ होतो. त्यामुळे डोळा ‘डोला’ होतो आणि फोड ‘फोर’. ‘पोटात’ऐवजी ‘पोटान’ असे रूप येते. ‘पोटान दुखतं’ हे वाक्य बाहेरून आलेल्या डॉक्टरला ‘पोटामुळे दुखते’ असे ऐकू येण्याचा संभव असतो.

रचना : लौकिक नावांत नामापेक्षा क्रियापदाला महत्त्व असते. एकच अवयव क्रियापद बदलले की वेगळी तक्रार सांगतो : डोळे येणे, डोळा लवणे, डोळे चुरचुरणे. ‘येणे’ हे क्रियापद विशेष लक्षणीय आहे. डोळे येणे म्हणजे दृष्टी लाभणे नव्हे, नेत्रावरणाचा दाह. तोंड येणे म्हणजे तोंडात व्रण होणे. याच जातीची आणखी उदाहरणे म्हणजे मुंग्या येणे, गोळा येणे, घेरी येणे, अवधाण येणे. याखेरीज पित्त ‘उठते’, उसण ‘भरते’, शीर ‘चढते’, घसा ‘बसतो’, दातखिळी ‘बसते’, उचकी ‘लागते’. या प्रयोगांत रोगी कर्ता नसतो. तक्रार बाहेरून येते, भरते, बसते आणि जाते.

पाय व त्वचा : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय १३) किरकोळ विकारांचा ‘क्षुद्ररोग’ हा स्वतंत्र वर्ग असून त्यात ४४ विकार मोजले आहेत. पायाच्या आणि त्वचेच्या अनेक लौकिक तक्रारी या वर्गात सापडतात.

चिखल्या म्हणजे पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होणे, खाज व आग होणे, पुढे चिरा पडणे. लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभे राहणाऱ्यांना ही तक्रार हमखास होते. सुश्रुताने तिला ‘अलस’ म्हटले असून दूषित चिखलाचा स्पर्श हेच कारण दिले आहे. म्हणजे लौकिक नाव आणि शास्त्रीय निदान येथे एकच गोष्ट सांगतात. आधुनिक वैद्यकातील ‘टिनिया पेडिस’ हे नाव यांपैकी कवकजन्य प्रकारापुरते आहे. लॅटिनमध्ये टिनिया म्हणजे कसर किंवा अळी, पेडिस म्हणजे पायाचा. चिखलाचा त्यात उल्लेख नाही. केवळ ओलाव्याने कातडी भिजून होणाऱ्या चिखल्यांत कवक असतेच असे नाही. वरून क्षुल्लक वाटणाऱ्या या चिरा कोकणात दुर्लक्षिण्यासारख्या नाहीत. उंदीर व गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरा जंतू अशाच फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला होता.

अवधाण म्हणजे जांघेत उठणारी दुखरी गाठ. पायाला काटा, ठेच वा चिखल्या झाल्यावर जंतुसंसर्ग रसवाहिन्यांतून वर चढतो आणि जांघेतील लसीका ग्रंथी सुजते. वैद्यकात हे लिंफॅडेनायटिस. लौकिक व्यवहारात अवधाण आले की आधी पाय तपासला जातो. वैद्यकीय नावातून हा संबंध आपोआप कळत नाही.

कुरूप म्हणजे तळपायावरचा कठीण, आत रुतणारा घट्टा. काही भागांत यालाच भोवरी म्हणतात. लॅटिन नाव ‘क्लॅव्हस’, म्हणजे खिळा. सुश्रुताचे ‘कदर’ हे नाव खडे वा काटे बोचून होणाऱ्या गाठीला आहे. नखुर्डे म्हणजे नखाच्या कडेचा पू धरणारा दाह. ग्रीक नाव पॅरोनिकिया, संस्कृत चिप्प. टाचांच्या भेगांना संस्कृतात पाददारी म्हणतात.

घामोळे : घामाच्या ग्रंथींची तोंडे बंद होऊन उठणारे बारीक पुरळ. ‘मिलियारिया’ हे लॅटिन नाव बारीक धान्याच्या दाण्यावरून पडले आहे. धान्यावरूनच डोक्यातील कोंड्याचेही नाव पडले, आणि तेही दोन्हीकडे. ग्रीक ‘पिटिरॉन’ म्हणजे धान्याचा कोंडा आणि त्यावरून पिटिरियासिस. मराठीतही दळणाचा कोंडा आणि डोक्याचा कोंडा यांना एकच शब्द आहे. छातीपाठीवरचे फिकट चट्टे म्हणजे शिबे. तो पिटिरियासिसचाच एक प्रकार, व्हर्सिकलर. खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या वनस्पतीच्या लॅटिन नावावरून ‘अर्टिकेरिया’ हा शब्द आला. मराठीत त्यालाच अंगावर गांधी उठणे किंवा पित्त उठणे म्हणतात. येथील ‘पित्त’ हे यकृतातील पित्त नव्हे. त्वचेत हिस्टामिन सुटल्याने हे फोड येतात. कोकणात यावर आमसुलाचे पाणी लावण्याचा घरगुती प्रघात आहे.

नागीण : कमरेवर वा छातीवर एका बाजूने पट्ट्यासारखे उठणारे फोड, हर्पिस झॉस्टर. ग्रीक ‘हर्पिन’ म्हणजे सरपटणे आणि ‘झॉस्टर’ म्हणजे कमरपट्टा. सरपटण्याची कल्पना दोन्ही भाषांत आहे. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, ही समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी सुप्त राहून पुढे कधीतरी जागा होतो. सामान्यतः तो एकाच तंतूच्या क्षेत्रात पसरतो व शरीराच्या मध्यरेषेवर थांबतो. त्यामुळे वेढा सहसा पुरा होत नाही.

चामखीळ, नायटा, गजकर्ण, करट, केसतूड, वांग (संस्कृत व्यंग), चाई (संस्कृत इंद्रलुप्त) ही त्वचेच्या व केसांच्या तक्रारींची इतर नावे.

डोळा व नाक : रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेची पुळी, लॅटिन ‘हॉर्डिओलम’, म्हणजे सातूचा लहान दाणा. डोळा लवणे म्हणजे पापणीच्या स्नायूचे आपोआप फडफडणे. त्याचे वैद्यकीय नाव मायोकिमिया, म्हणजे स्नायूतील लाट. पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा डोळा लवणे शुभ मानतात. वैद्यकाच्या दृष्टीने थकवा, जागरण व चहा-कॉफीचा अतिरेक ही नेहमीची कारणे होत.

घोळणा फुटणे म्हणजे नाकातून रक्त येणे. ग्रीक एपिस्टॅक्सिस, म्हणजे ठिबकणे. कांदा फोडून हुंगायला देणे हा घरोघरचा उपाय. डोके मागे टाकल्यास रक्त घशात उतरते. म्हणून डोके किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे दाबून धरावा.

उचकी, पोट : उचकीचे वैद्यकीय नाव सिंगल्टस, मूळ लॅटिन अर्थ हुंदका. कोणी आठवण काढली की उचकी लागते, ही समजूत सार्वत्रिक आहे. अमेरिकेतील चार्ल्स ऑझबर्न यांना १९२२ मध्ये लागलेली उचकी १९९० पर्यंत टिकली. पोटातील गुडगुडीला बॉर्बोरिग्मस म्हणतात. हा शब्द ग्रीकातही ध्वन्यनुकारीच आहे. भुकेच्या आवाजाला मराठीत ‘पोटात कावळे ओरडणे’ म्हणतात.

स्नायू व मज्जा : पाय अवघडल्यावर मुंग्या येतात. कातडीवर मुंग्या चालल्याच्या भासाला वैद्यकात ‘फॉर्मिकेशन’ म्हणतात. लॅटिन फॉर्मिका म्हणजे मुंगी. अवघडल्यावर येणाऱ्या नेहमीच्या मुंग्यांना मात्र पॅरेस्थेसिया हे नाव वापरतात. उसण भरणे म्हणजे पाठ वा कंबर एकाएकी आखडणे. त्यावर पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आहे. अर्धशिशी आणि मायग्रेन हे दोन्ही शब्द ‘अर्धे डोके’ याच अर्थाचे. ‘मायग्रेन’ हा शब्द ग्रीक हेमिक्रेनियापासून झिजून आला आहे.

स्त्रियांच्या तक्रारी : बहुतेक नावे आडवळणाची, उदा., कावळा शिवणे (मासिक पाळी), अंगावरून पांढरे जाणे, अंग बाहेर येणे.

वेदनेची नावे : दुखण्याच्या प्रकारांना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. पू धरलेल्या गळवाचा ठणका, आतड्याची कळ वा मुरडा, स्नायूची चमक, दाताची सणक, डोक्यात जाणारी तिडीक, घशाची खवखव, डोळ्यांची चुरचुर, छातीची जळजळ, सोललेल्या कातडीची हुळहुळ, प्रसूतीच्या वेणा. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. कळ येऊन ओसरते आणि पुन्हा येते. चमक क्षणभर असते. निदानाच्या दृष्टीने हे भेद महत्त्वाचे असतात. केसपेपरवर मात्र सर्वांच्या ठिकाणी ‘पेन’ एवढाच शब्द उतरतो.

नामशेष रोगांची नावे : देवी व नारू ही अशी नावे होत. देवीच्या रोगाचे भारतातून निर्मूलन झाल्याचे १९७७ मध्ये, तर नारूचे २००० मध्ये प्रमाणित झाले.

कोश व परिभाषा : मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बोलीतील शब्दांना मोठी जागा मिळाली. दाते–कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२–३८) प्रांतिक शब्दांपुढे प्रदेशाची संक्षिप्त खूण देण्याची पद्धत पाळली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने वैद्यकाच्या विविध शाखांचे परिभाषाकोश काढले. त्यांचा कल संस्कृतोद्भव शब्द घडविण्याकडे राहिला. परिणामी एकाच तक्रारीची तीन नावे झाली : घरात घोळणा, पुस्तकात नासारक्तस्राव, रुग्णालयात एपिस्टॅक्सिस. वर पाहिल्याप्रमाणे ग्रीक–लॅटिन नावेही मुळात मुंगी, खिळा, कोंडा, सातूचा दाणा अशा घरगुती वस्तूंवरूनच पडलेली आहेत. अनोळखी भाषेमुळे ती भारदस्त वाटतात, एवढेच. लौकिक नावे अशास्त्रीय म्हणून गाळण्यास त्यामुळे आधार राहत नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांनी व आरोग्यसेविकांनी रोग्याने उच्चारलेला शब्द, त्याच्या क्रियापदासह, वैद्यकीय नावाशेजारी नोंदवून ठेवावा.