रेल्वे डब्यांच्या वातानुकूलन संचांची जुळणी

रेल्वे डब्यांच्या वातानुकूलन संचांची जुळणी ही प्रवासी डबे, उपनगरी गाड्या व मेट्रो यांच्या छतावर किंवा तळाशी बसणारी शीतकरण यंत्रणा सुट्या भागांपासून उभी करण्याची औद्योगिक प्रक्रिया आहे. सांगाडा तयार करणे, शीतक वाहणाऱ्या तांब्याच्या नळ्या जोडणे, गळती तपासणे, निर्वात करणे, शीतक भरणे, विद्युत जोडणी करणे आणि अंतिम चाचण्या घेणे हे तिचे प्रमुख टप्पे होत. घरगुती वातानुकूलन यंत्राचे आणि या संचाचे तत्त्व एकच असले, तरी धावत्या गाडीचे अखंड हादरे, धूळ, पाऊस, वीजपुरवठ्यातील चढउतार आणि बंद डब्यातील प्रवाशांची सुरक्षितता यांमुळे रेल्वेच्या संचाची रचना व जुळणी अधिक काटेकोर असते.

इतिहास

अमेरिकेतील बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने १९३० साली 'मार्था वॉशिंग्टन' हा भोजनाचा डबा यांत्रिक पद्धतीने वातानुकूलित केला आणि १९३१ साली 'कोलंबियन' ही संपूर्ण वातानुकूलित गाडी सुरू केली. भारतात आरंभी डब्याखालील पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा फिरवण्याची पद्धत वापरली जात असे. १९३६ साली तत्कालीन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या माटुंगा कार्यशाळेत देशातील पहिला वातानुकूलित डबा तयार झाला. १९५६ साली हावडा व दिल्ली यांच्यादरम्यान पहिली पूर्ण वातानुकूलित गाडी धावू लागली, तर १९६९ साली याच मार्गावर राजधानी एक्सप्रेस सुरू झाली.

या काळातील भारतीय डब्यांत कॉम्प्रेसर, कंडेन्सर इत्यादी भाग डब्याच्या तळाशी स्वतंत्रपणे टांगलेले असत आणि लांब नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असत. सांधे अधिक असल्याने गळतीही अधिक होई, आणि रुळांलगतची धूळ थेट कंडेन्सरवर बसे. १९९० च्या दशकापासून छतावर बसणारा एकसंध संच वापरात आला. रेल्वेच्या परिभाषेत तो रूफ माउंटेड पॅकेज युनिट किंवा संक्षेपाने 'आरएमपीयू' या नावाने ओळखला जातो. या बदलामुळे नळ्यांची जुळणी डब्याखाली उकिडवे बसून करण्याऐवजी कारखान्यातील मेजावर होऊ लागली. संच बिघडल्यास तो क्रेनने उचलून त्याजागी दुसरा बसवणेही शक्य झाले.

क्षमता व कार्यतत्त्व

वातानुकूलनाची क्षमता 'टन' या एककात सांगतात. हे वजनाचे माप नसून उष्णता काढून घेण्याच्या वेगाचे माप आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच अवधीत काढून घेणारे यंत्र एक टनाचे होय. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. भारतीय रेल्वेच्या वातानुकूलित डब्यावर सर्वसाधारणपणे ७ टनांचे दोन संच, दोन्ही टोकांना एकेक, बसवलेले असतात. दोन्ही मिळून ते सुमारे ४९ किलोवॅट वेगाने उष्णता बाहेर टाकू शकतात.

एवढी क्षमता का लागते, हे साध्या हिशोबाने समजते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० ते १२० वॅट उष्णता देतो. त्यामुळे ७२ शायिकांच्या तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात केवळ प्रवाशांचीच उष्णता सात-आठ किलोवॅटच्या घरात जाते. उन्हाने तापलेले छत व भिंती, खिडक्यांतून येणारे ऊन, दिवे आणि श्वसनासाठी आत घ्यावी लागणारी ताजी पण गरम व दमट हवा यांचा भार याखेरीज असतो.

संचातील शीतक बंद मार्गात फिरत राहते. कॉम्प्रेसर म्हणजे संपीडक शीतकाची वाफ दाबून उष्ण करतो. कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होते. प्रसरण झडप किंवा केशनलिका यांतून जाताना द्रवाचा दाब एकदम घटून तो थंड होतो. बाष्पकात तो डब्यातील हवेची उष्णता घेऊन पुन्हा वाफ बनतो. थंड झालेली हवा ब्लोअरद्वारे छतामागील वाहिनीतून डब्यात सर्वत्र पोहोचते. बाष्पकावर हवेतील बाष्पाचे पाणी होते, म्हणून हवा थंड होण्याबरोबर कोरडीही होते.

प्रमुख भाग

भारतीय पद्धतीच्या ७ टनी संचात सामान्यतः दोन हवाबंद कॉम्प्रेसर, दोन स्वतंत्र शीतक-मंडले, कंडेन्सरचे पंखे, बाष्पक, ब्लोअर, हिवाळ्यासाठी विद्युत तापक, हवेच्या गाळण्या व सुरक्षा-उपकरणे असतात. मंडले स्वतंत्र ठेवण्यामागे निश्चित हेतू आहे. एका मंडलात गळती झाली, तरी दुसरे मंडल अर्ध्या क्षमतेने थंडावा देत राहते.

संचाला ४१५ व्होल्टचा तीन-फेजी वीजपुरवठा लागतो. स्वयंजनित डब्यांत आसाच्या गतीवर चालणारे जनित्र ११० व्होल्ट एकदिश वीज तयार करते आणि इन्व्हर्टर तिचे रूपांतर करतो. जनित्र-डबा असलेल्या गाड्यांत ७५० व्होल्टची वीज डब्याडब्यांतून नेऊन ट्रान्सफॉर्मरने उतरवली जाते. इंजिनातून थेट वीज घेण्याची पद्धत आता रूढ होत असून तिच्यामुळे जनित्र-डब्यातील डिझेलची बचत होते.

जुळणीचे टप्पे

सांगाडा : स्टेनलेस स्टीलचे पत्रे कापून, वाकवून व वितळजोड देऊन सांगाडा तयार केला जातो. बाष्पकाखालच्या तबकाला निचऱ्याच्या दिशेने उतार ठेवावा लागतो. हा उतार चुकला, तर साचलेले पाणी गाडीच्या हेलकाव्यांबरोबर उसळून वाहिनीत शिरते आणि थेट प्रवाशांच्या अंगावर ठिबकते. थंड व उष्ण कप्प्यांमधील भिंतीला उष्णतारोधक आवरण देतात.

वेटोळी : तांब्याच्या नळ्या केसपिनेप्रमाणे वाकवून धातूच्या पातळ पट्ट्यांच्या चळतीत ओवल्या जातात. नंतर नळ्या आतून फुगवून पट्ट्यांशी घट्ट बसवतात. नळी व पट्टी यांत फट राहिली, तर उष्णतेचे वहन मंदावते व क्षमता कागदावरच राहते.

कॉम्प्रेसर व पंखे : हादरे शोषणाऱ्या रबरी बैठकांवर कॉम्प्रेसर बसवतात. नळ्यांना ठरावीक अंतरावर पकडी देतात, कारण नुसती लोंबणारी नळी सतत थरथरून सांध्यापाशी चिरते. बोल्ट ठरलेल्या पिळाने आवळून त्यांवर रंगाची रेघ ओढण्याची पद्धत आहे. रेघ तुटलेली दिसली, की बोल्ट सैल झाला हे देखभाल कर्मचाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

नळ्यांचे सांधे : चांदीयुक्त मिश्रधातूने सांधे डाखले जातात. त्या वेळी नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडावा लागतो. तसे न केल्यास आतील तांब्यावर काळी खपली धरते. पुढे ती सुटून केशनलिकेत अडकते किंवा कॉम्प्रेसरमध्ये जाते. हा दोष बाहेरून दिसत नाही व गळती-चाचणीतही सापडत नाही, म्हणून येथे कारागिराची शिस्त निर्णायक ठरते.

गळती-चाचणी : मंडलात कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात व ठरावीक काळ दाबमापकावर लक्ष ठेवतात. सूक्ष्म गळतीसाठी हेलियम शोधकाचाही उपयोग होतो. या कामी ऑक्सिजन कदापि वापरत नाहीत. कॉम्प्रेसरमधील तेलाशी दाबाखालील ऑक्सिजनचा संयोग झाल्यास स्फोट होतो.

निर्वातीकरण व शीतक भरणे : निर्वात पंपाने मंडलातील हवा व ओल काढतात. दाब सुमारे ५०० मायक्रॉन, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटर स्तंभाइतका उतरला, की नळ्यांतील पाणी सामान्य तापमानालाच उकळून बाहेर पडते. राहिलेली ओल तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसरच्या गुंडाळ्यांचे विद्युतरोधन खाते. यानंतर शीतक अंदाजाने नव्हे, तर वजनकाट्यावर मोजून भरले जाते.

विद्युत जोडणी : प्रत्येक तारेच्या टोकाला क्रमांकाची नळी व दाबून बसवलेला लग असतो. उच्च दाब व न्यून दाब खंडक, हवेचा प्रवाह थांबल्यास तापक बंद करणारे साधन आणि अतितापरोधक ही साधने याच टप्प्यात जोडली जातात. स्क्रोल जातीचा कॉम्प्रेसर एकाच दिशेने फिरावा लागतो. तीन फेजांचा क्रम उलटला, तर तो फिरतो, आवाज करतो, पण शीतक दाबत नाही. म्हणून फेजांचा क्रम आवर्जून तपासतात.

चाचण्या

जुळणीनंतर विद्युतरोधनाची व उच्च व्होल्टची चाचणी होते. चाचणी-कक्षात बाहेरचे व आतले तापमान आणि आर्द्रता कृत्रिमरीत्या राखून संचाची प्रत्यक्ष क्षमता मोजली जाते. पाण्याचे फवारे मारून गळके कोपरे शोधतात. नमुना-संचाला हादरे व धक्के यांची चाचणी द्यावी लागते. तिच्यासाठी आयईसी ६१३७३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. भारतात अशा संचांचे तांत्रिक निकष लखनऊ येथील संशोधन, अभिकल्प व मानक संघटना ठरवते. व्हिएन्ना येथील हवामान-वातबोगद्यात अख्खे डबे आत घेऊन त्यांवर कृत्रिम ऊन, वारा, पाऊस व बर्फ यांचे प्रयोग केले जातात.

डब्यावर बसवणे

तयार संच क्रेनने उचलून छतावरील खाचेत ठेवतात. संच व छत यांमधील रबरी पट्टी, थंड हवेची लवचीक वाहिनी आणि निचऱ्याची नळी यांची जोडणी या वेळी होते. डब्यात पाणी ठिबकल्याची तक्रार आली, की प्रथम हीच पट्टी व निचऱ्याची नळी तपासतात.

सुरक्षितता

वातानुकूलित डब्याच्या खिडक्या बंद असतात, आणि उपनगरी वा मेट्रो गाड्यांत दरवाजेही आपोआप बंद होतात. म्हणून यंत्रणा बंद पडणे ही निव्वळ गैरसोय राहत नाही. १० जुलै २०१० रोजी जर्मनीत उष्णतेच्या लाटेत इंटरसिटी एक्सप्रेस गाडीतील वातानुकूलन बंद पडले. आतील तापमान असह्य झाल्याने शाळकरी विद्यार्थ्यांसह अनेक प्रवासी कोसळले आणि गाडी बीलेफेल्ड येथे थांबवावी लागली. त्या गाड्यांची यंत्रणा ३२ अंश सेल्सिअसपर्यंतच्या बाह्य तापमानासाठी आखलेली होती, ही गोष्ट त्यानंतरच्या चर्चेत पुढे आली. ज्या हवामानात गाडी धावणार, त्यातील सर्वांत कठीण दिवस गृहीत धरून संचाची आखणी व्हावी लागते, हा या घटनेचा धडा होय. मुख्य वीज गेल्यास बॅटरीवर चालणारे आपत्कालीन वायुवीजन उपनगरी व मेट्रो गाड्यांत याच कारणासाठी ठेवतात. ते थंडावा देत नाही, परंतु श्वास घेण्यापुरती ताजी हवा आत आणते.

शीतक व पर्यावरण

जुन्या डब्यांत आर-१२ हे शीतक वापरात होते. ते ओझोन थराला घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाले. भारत १९९२ साली या करारात सामील झाला. त्यानंतर छतावरील संचांत आर-२२ आले, पण तेही अल्प प्रमाणात ओझोनची हानी करते. आता त्याची जागा घेणारे आर-४०७सी हे तीन शीतकांचे मिश्रण ओझोनला निरुपद्रवी आहे. मात्र त्यातील घटक वेगवेगळ्या तापमानांना उकळत असल्याने ते टाकीतून द्रवरूपातच भरावे लागते, अन्यथा मिश्रणाचे प्रमाण बिघडते. त्याला वेगळ्या जातीचे कृत्रिम तेल लागते आणि हे तेल हवेतील ओल झपाट्याने शोषते. त्यामुळे नळ्यांची टोके उघडी ठेवण्याचा काळ कमीत कमी असावा लागतो. जागतिक तापमानवाढीच्या दृष्टीने आर-४०७सी फारसे सौम्य नाही. अशा शीतकांचा वापर घटवण्यासाठी २०१६ साली किगाली दुरुस्ती झाली व भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. यास पर्याय म्हणून जर्मनीच्या आयसीई ३ गाड्यांत हवाच शीतक म्हणून वापरली गेली आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

मध्य रेल्वेची माटुंगा व पश्चिम रेल्वेची लोअर परळ या कार्यशाळांत डब्यांची नियतकालिक दुरुस्ती होते. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर देशातील पहिली वातानुकूलित उपनगरी गाडी धावली. ती चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेली होती. लातूर येथे मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभारण्यात आला आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रशीतन व वातानुकूलन यांत्रिकी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात जुळणी, चाचणी व देखभाल अशी कामे करता येतात.