शिळेवर नसलेलें नांव

इ. स. १९१६ च्या एप्रिलच्या २९ तारखेस तैग्रिस नदीच्या कांठीं कुत-अल्-अमारा येथें जनरल टाउनशेंड यांनीं तुर्कांपुढें शस्त्रें खालीं ठेवलीं. १४७ दिवसांच्या वेढ्यांत धान्य सरलें होतें. घोड्याचें मांस खाण्यास पुष्कळ हिंदी शिपाई शेवटच्या आठवड्यांपर्यंत धर्मभयानें तयार होत नव्हते. शरण गेलेली फौज 'सहावी पुणें डिव्हिजन' म्हणून ओळखली जाई. तिच्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींचे लोक होते. कोंकणांतल्या व देशावरच्या खेड्यांतून भरती झालेले.

कैद झाल्यावर शिपायांस बहुतेक अधिकाऱ्यांपासून वेगळें करण्यांत आलें. बगदाद व मोसल या मार्गानें, बरीचशी वाट वाळवंटांतून पायीं तुडवीत, हजारों हिंदी कैदी रास-अल्-ऐन येथें पोंचले आणि बगदाद रेल्वेच्या कामास जुंपले गेले. उपासमार, आमांश व टायफस यांनीं कित्येक दगावले. कित्येकांचा पत्ताच लागला नाहीं.

रास-अल्-ऐन येथेंच मार्च १९१७ मध्यें कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हा बंगाली डॉक्टर ज्वरानें वारला. त्याच्या वृद्ध आजीनें, मोक्षदादेवीनें, १९२८ सालीं त्याचें चरित्र छापून प्रसिद्ध केलें. ती लिहूं शकत होती, म्हणून नातवाचें नांव राहिलें. मराठा शिपायाच्या घरीं बहुधा तें साधन नव्हतें. पुष्कळांचीं लग्नें भरतीपूर्वींच झालेलीं असत. ज्याचा ठावठिकाणा लागला नाहीं, त्याच्या तरुण बायकोनें कुंकू ठेवावें कीं पुसावें, याचें उत्तर सरकारी कागदांत नव्हतें.

बसरा येथील स्मारक १९२९ सालीं उघडण्यांत आलें. मेसापोटेमियांत मेलेल्या व ज्यांची कबर ठाऊक नाहीं अशा गोऱ्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरलीं गेलीं, हिंदी अधिकाऱ्यांचींहि कोरलीं गेलीं. पण सामान्य हिंदी शिपायांची पलटणीवार केवळ संख्या नोंदली गेली. हा भेदभाव होता असें युद्धसमाधि-आयोगानें २०२१ सालीं कबूल करून क्षमा मागितली. आपल्याकडील अनेक खेड्यांत लावलेल्या महायुद्धाच्या शिळांवरहि गांवांतून किती गेले व किती परतले नाहींत, एवढाच आंकडा आहे.

मग नांव उरलें कोठें? श्राद्धांत तीन पिढ्यांचींच नांवें घेतलीं जातात, आणि निपुत्रिक तरुणाचें तर लवकरच सुटतें. परंतु त्या युद्धाचें जें रुपेरी पदक शिपायास वा त्याच्या वारसास मिळे, त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नांव आणि पलटण कोरलेली असे. दगडानें जें नाकारलें तें त्या कडेवर अजून वाचतां येतें. जुन्या पेटींत असें पदक सांपडल्यास तें मोडींत घालण्यापूर्वी भिंगाखालीं धरावें, कडेवरचें नांव उतरून घ्यावें आणि घरांतल्या मुलांस मोठ्यानें वाचून दाखवावें.